आबा मागं सरकायचे

माझ्या लॅपटॉपवर एक फाइल आहे. एक तास बावीस मिनिटांची. अहमदपूर तालुक्यातल्या माझ्या आजोळच्या सप्त्यातलं, रात्रीच्या जागरातलं भजन आहे ते. त्यात माझे आबा गातात. आवाज स्वच्छ आहे. कुठं फाटलेला नाही, कुठं बुडालेला नाही, शब्द न् शब्द कळतो. ज्यांनी आबांना कधी ऐकलेलं नाही अशा माझ्या पुण्यातल्या दोन-तीन मित्रांना ती फाइल ऐकवली तर ते म्हणाले, ‘काय रेकॉर्डिंग आहे!’ मामीला ऐकवली तेव्हा तिनं पदर नीट केला, डोळे मिटून पाच-सहा मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, “आवाज त्यायचाच हाय. पण ते हालायले न्हाईत.”

ते का हलत नाहीत हे मला पक्कं ठाऊक आहे. त्यांना मीच हलू दिलं नव्हतं.

आधी कॉम्प्रेसरबद्दल सांगतो, म्हणजे मी काय केलं ते कळेल. हा फ्रिजचा किंवा पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर नव्हे. ध्वनीच्या कामात कॉम्प्रेसर म्हणजे आवाजाची पातळी आवळणारं यंत्र. माझी मावशी लातूरला राहते. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, ते साऱ्या देशानं बातम्यांत पाहिलं. त्याच्या आधी आणि नंतरही मावशीच्या गल्लीत नळाला पाणी यायचं ते बऱ्याच दिवसांनी, आणि आलं की सुरुवातीला असं जोरात की पाइप घागरीतून उडून बाहेर पडायचा. मावशी कॉकवर हात ठेवून बसायची. जोर वाढला की कॉक थोडा आवळायचा, कमी झाला की सैल सोडायचा. घागरीत पाणी सारखं पडलं पाहिजे आणि थेंब बाहेर जाता कामा नये. कॉम्प्रेसर आवाजाच्या कॉकवर असा हात ठेवून बसलेला असतो.

त्याला चार गोष्टी सांगाव्या लागतात. कुठल्या पातळीच्या वर गेल्यावर आवळायचं, तो थ्रेशोल्ड. किती आवळायचं, तो रेशो. चारास एक असा ठेवला तर मर्यादेच्या ८ डेसिबल वर गेलेला आवाज फक्त २ डेसिबल वर गेलेला निघतो. किती चटकन आवळायचं, तो अटॅक. आणि आवाज खाली आल्यावर किती वेळात हात सैल सोडायचा, तो रिलीज. आवळल्यामुळं एकूण आवाज लहान होतो म्हणून शेवटी सगळंच थोडं वर उचलतात. त्यामुळं मोठं होतं ते लहान होतं, आणि लहान होतं ते मोठं. ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागेल.

मी नांदेडला विष्णुपुरीच्या श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी संस्थेत शिकलो. शाखा इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन. रेडिओ रिसीव्हरच्या धड्यात ‘ऑटोमॅटिक गेन कंट्रोल’ यायचं. स्टेशन जवळचं असो की लांबचं, कानाला आवाज सारखा यावा म्हणून रेडिओ आपली ताकद आपणच कमी-जास्त करतो. परीक्षेत सहा मार्कांना यायचं. आकृती काढली की चार मार्क पक्के.

त्याच काळात आम्ही मित्र रात्री सचखंड गुरुद्वाऱ्याला जायचो. खरं सांगायचं तर आधी लंगरसाठी. पण जेवण झालं की संगमरवरावर बसून शबद-कीर्तन ऐकायचो. रागी बैठकीवर बसलेले, समोर पेटी, बाजूला तबला, माईक तोंडाशी. ते जागेवरून हलत नाहीत. आवाज सगळ्या परिसरात सारखा पसरलेला असायचा, कुठंही बसा, तसाच. त्याच्या शेजारी मला आमच्या सप्त्यातला कर्णा आठवायचा: मधेच शिट्टी, मधेच खरखर, एक ओळ ऐकू येते आणि पुढची गायब. चांगला आवाज म्हणजे सारखा आवाज, असं माझ्या डोक्यात तेव्हाच बसलं असणार.

नोकरीला पुण्यात आलो. हातात पैसे आले तसा रेकॉर्डिंगचा नाद लागला. आधी सॉफ्टवेअरमधले प्लगइन वापरले. मग त्या जुन्या यंत्रांबद्दल वाचायला लागलो ज्यांच्या नकला हे प्लगइन करतात. अमेरिकेत १९६०च्या दशकात बनलेला एलए-२ए नावाचा कॉम्प्रेसर आहे. त्याच्या पोटात एक प्रकाशणारी पट्टी असते आणि समोर प्रकाश पडला की अवरोध बदलणारा एक भाग. आवाज वाढला की पट्टी उजळते, आणि ती उजळली की आवाज आवळला जातो. त्याला अटॅकचं बटण नाही, रिलीजचंही नाही. सैल सोडताना तो अर्धा हात साधारण ६० मिलिसेकंदांत सोडतो आणि उरलेला सोडायला एक ते पंधरा सेकंद घेतो. बराच वेळ कुणी मोठ्यानं गात असेल तर सावरायलाही त्याला जास्त वेळ लागतो. म्हणजे थोडं आपल्यासारखंच. दुसरा ११७६, बिल पुटनम यांच्या कंपनीचा, १९६७च्या सुमाराचा. तो सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी २० भागांत हात आवळू शकतो. ही यंत्रं आज नव्यानं बनतात, पण त्यांच्या किमती माझ्यासारख्यानं नुसत्या वाचायच्या. मी दोन चॅनलचा एक साधा, सेकंडहँड रॅक कॉम्प्रेसर घेतला. त्याची लोखंडी पेटी, खरी बटणं, आवाजाबरोबर नाचणारे लाल-हिरवे दिवे. दिवसभर स्क्रीनवर काम करणाऱ्या माणसाला हाताला काहीतरी खरं लागण्याचं केवढं सुख असतं, ते कुणाला सांगणार!

तो घेऊन मी २०२२मध्ये आजोळच्या सप्त्याला गेलो.

आमच्या भागात अखंड हरिनाम सप्ता म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी प्रवचन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, त्यानंतर जागर, आणि आठव्या दिवशी काल्याचं कीर्तन. कीर्तनकार बाहेरून येतात, पण जागर गावच्या भजनी मंडळाचा. आबा त्यात चाळीसेक वर्षं गात होते. गळ्यात वीणा नसली तर हातात टाळ. आवाज काही गोड वगैरे नव्हता. शेतात लांबवर हाक मारून कमावलेला होता.

गावचा साउंड ज्यांच्याकडे आहे ते गावच्या नात्यानं माझे मामाच. आईच्या गावात सगळेच मामा असतात. त्यांच्याकडे एक जुना मिक्सर, दोन बॉक्स, बाहेर झाडाला बांधलेले दोन कर्णे. कॉम्प्रेसर हा शब्द त्यांनी माझ्याकडूनच ऐकला. मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवत ऐकलं आणि विचारलं, “म्हणजी मी जे बोटानं करतो तेच हे मशीन करतंय म्हणा की, भाचे?”

“तेच, पण तुमच्यापेक्षा फास्ट,” मी म्हणालो.

हे उत्तर मला अजून आठवतं. त्या रात्री मी त्यांचं बोट फेडरवरून काढायला लावलं.

आबांच्या माईकची वायर मिक्सरमधून कॉम्प्रेसरला, तिथून परत मिक्सरला, आणि कॉम्प्रेसरच्या पुढून एक वायर माझ्या लॅपटॉपला, अशी मी जोडणी केली. भजन सुरू झालं. पहिल्या दहा मिनिटांतच माझ्या लक्षात आलं की आबा एका जागी उभे राहत नाहीत. खालच्या स्वरात चाल धरताना ते माईकच्या अगदी जवळ यायचे, तोंड जवळजवळ टेकायचे. चाल चढायला लागली की अर्धं पाऊल मागं. गजराला पोचेपर्यंत दोन पावलं मागं, मान एका बाजूला, एक हात कानावर. मग खाली येताना पुन्हा पुढं. आमच्या लातूर जिल्ह्यात औशाच्या नाथ संस्थानाची चक्री भजनाची परंपरा आहे. त्यात तर भजनी फिरत फिरतच गातात. गाताना हलणं आमच्याकडे नवं नाही. पण माझ्या स्क्रीनवरची रेघ वर-खाली होत होती, आणि मला ती सरळ हवी होती.

दोन अभंगांच्या मधे मी मंडपात गेलो आणि म्हणालो, “आबा, मागं नका सरकू. माईकजवळच थांबा. मशीन सांभाळतंय सगळं.”

“हितंच थांबू?”

“हो.”

“बरं. तू सांगशील तसं.”

पुढचा तासभर ते एका जागी उभे राहून गायले. खुंटीला बांधल्यासारखे. मी कॉम्प्रेसर आणखी आवळला, कारण आता गजराला आवाज माईकवर थेट आदळत होता. मधे एकदा शिट्टी वाजली. त्याचं कारणही कॉम्प्रेसरच: ओळ संपून आबा श्वास घ्यायला थांबले की यंत्र हात सैल सोडायचं, लहान आवाज मोठे व्हायचे, आणि माईकला समोरचा बॉक्सच ऐकू यायला लागायचा. मी एकूण पातळी जराशी उतरवली, शिट्टी गेली. जागर संपल्यावर लोक म्हणाले, आवाज लई भारी होता. आबा काही म्हणाले नाहीत. चहा पिऊन घरी गेले.

पुढच्या वर्षीच्या सप्त्याआधी, पावसाळ्यात, आबा गेले. चौदाव्यानंतर सगळ्यांनी मला ती फाइल मागितली. तेव्हा मी ती पहिल्यांदा नीट, हेडफोन लावून ऐकली.

गजर येतो, पण चढत नाही. आबांचा आवाज खालच्या स्वरात जेवढा, तेवढाच वर. स्वर वर जातो हे कळतं, ताण कळतो, पण आवाज मोठा होत नाही. बंद दाराआड कुणी ओरडतंय असं वाटतं. त्याहून वाईट पखवाजाचं. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावलेली असते, तिचा धुमारा खोल आणि जड. पखवाजी आबांच्या शेजारीच उभा होता. यंत्राला माईकवर येणारा आवाज आबांचा की पखवाजाचा हे कळत नाही, जोर तेवढा कळतो. त्यामुळं प्रत्येक थापेला ते हात आवळतं आणि आबांचा आवाज खाली दबतो, थाप विरली की पुन्हा वर येतो. तासभर आबा असे बुडतात आणि वर येतात. एकदा ऐकू आलं की मग दुसरं काही ऐकूच येत नाही.

मी कोड लिहिणारा माणूस. आमच्या कामात काहीही बिघडलं तरी मागचं सगळं जपलेलं असतं. कालच्या, महिन्याभरापूर्वीच्या आवृत्तीला परत जाता येतं. प्लगइनचंही तसंच: मूळ आवाज तसाच राहतो, त्यावर काय चढवायचं ते नंतर ठरवा, नाही पटलं तर काढून टाका. पण मी यंत्रातून गेलेलाच आवाज टिपला होता. यंत्राच्या आधीचा आवाज कुठंच साठवलेला नव्हता. मंडपातून तो विरून गेला.

तरी प्रयत्न केला. चारास एक आवळलं असेल तर २चे ८ करायचे, म्हणजे चारनं गुणायचं. उलटं फंक्शन लिहू, असं वाटलं. आठवडाभर रात्री जागलो. पण यंत्रानं प्रत्येक क्षणी किती आवळलं होतं ते कळायला बटणं कुठं होती हे माहीत पाहिजे, आणि ती तर मी मधेच फिरवली होती, लिहून काहीच ठेवलं नव्हतं. अंदाजानं उलटवलं की पखवाजाची थाप तोफेसारखी उडायची आणि टाळ कानात टोचायचे. आबा काही वर आले नाहीत.

मग मी हे शोधायला लागलो की रेकॉर्ड करतानाच कॉम्प्रेसर लावायचा हे मी शिकलो कुठून. उत्तर सोपं होतं. जुने स्टुडिओ टेपवर रेकॉर्ड करायचे. टेपला स्वतःची सळसळ असते. बारीक आवाज तिच्यात बुडायचा आणि मोठा आवाज टेपला झेपायचा नाही. दोहोंमधली जागा अरुंद, म्हणून आवाज आधीच आवळून आत घालायला लागायचा. त्या लोकांनी ते नाइलाजानं केलं, आणि इतकं सुंदर केलं की पुढं तीच रीत झाली. पण माझा लॅपटॉप २४ बिटला टिपत होता. १६ बिटला कागदावर ९६ डेसिबलची जागा मिळते, २४ला १४४. प्रत्यक्षात एवढी कुठलाच माईक वापरू शकत नाही. आबांचा सगळ्यात बारीक आणि सगळ्यात मोठा आवाज यांत मीटरवर फार तर पंचवीस डेसिबलचा फरक होता. पातळी थोडी खाली ठेवून सरळ टिपलं असतं तरी सगळं मावलं असतं, आणि आवळायचं ते नंतर, घरी बसून, हवं तेवढं. जी अडचण मला नव्हतीच तिचा उपाय मी आजोबांवर केला.

आणि आबा मागं का सरकायचे, हेही तेव्हाच डोक्यात उतरलं. उघड्यावर माईकपासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो. एका वीतेवर उभा असलेला माणूस दोन वीतांवर गेला की ६, चार वीतांवर गेला की १२. चाळीस वर्षं कर्ण्यासमोर गाऊन आबांच्या पायांना हे माहीत झालं होतं. मोठं गायचं तर मागं सरकायचं, म्हणजे कर्णा फाटत नाही. शिवाय ते अर्धं पाऊल आधीच सरकायचे, कारण पुढची ओळ वर जाणार हे त्यांना ठाऊक होतं. साउंडवाल्या मामांचं बोटही तसंच. त्यांना सगळ्या चाली पाठ. गजर येण्याआधीच फेडर केसभर खाली. यंत्राला मात्र आवाज मोठा झाल्यावरच कळतं की तो मोठा झाला. कितीही वेगवान असलं तरी ते पाठीमागूनच येणार. “तुमच्यापेक्षा फास्ट” म्हणताना हे माझ्या ध्यानात नव्हतं.

आबा मागं गेल्यावर फक्त आवाज उतरायचा असंही नाही. माईकला त्यांच्याबरोबर मंडप ऐकू यायला लागायचा, टाळकऱ्यांची रांग ऐकू यायची. एकटा माणूस हळूहळू सगळ्यांत मिसळतोय असं ते ऐकू यायचं. मामी म्हणाली ते हेच. फाइलमध्ये आबा शेवटपर्यंत एकटेच, पुढं उभे आहेत.

कॉम्प्रेसर वाईट असं मला म्हणायचं नाही. तीन तास बोलणाऱ्या, मधेच कुजबुजणाऱ्या आणि मधेच गर्जणाऱ्या कीर्तनकाराचा शब्द मागच्या रांगेतल्या म्हातारीपर्यंत पोचवायचा तर तो उपयोगी पडतो. बॉक्सचे स्पीकर जळण्यापासून वाचवतो. आणि त्या फाइलमध्ये त्यानं एक गोष्ट मला दिली, तीही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. दोन ओळींच्या मधे, हात सैल सुटल्यावर, लहान आवाज वर येतात. तिथं आबांचा श्वास ऐकू येतो, शेवटच्या अर्ध्या तासात जरा घरघरणारा. एके ठिकाणी ते बाजूच्याला हळूच म्हणतात, “पाणी दे की रं.” सरळ टिपलं असतं तर हेही टिपलं गेलंच असतं, फक्त मला ते मुद्दाम उचलून ऐकावं लागलं असतं. मी उचललं असतं का, माहीत नाही. यंत्रानं ते न विचारता वर आणून ठेवलं.

मामीच्या फोनमध्ये त्याच्या आदल्या वर्षीचं एक रेकॉर्डिंग निघालं. बायकांच्या बाजूनं, लांबून, पदराआडून घेतलेलं. फोनही आवाज आपोआप आवळतोच, सहा मार्कांचा तोच धडा. चौथ्या मिनिटाला कुणाचा तरी फोन येतो आणि ते बंद पडतं. त्यात एक पोरगं रडतं, जनरेटर धडधडतो, अर्धे शब्द कळत नाहीत. पण आबा जवळ येतात, लांब जातात, परत येतात. आईला मी दोन्ही दिल्या. एकादशीला ती आधी फोनवालं लावते, मग माझं. माझं जास्त वेळ चालतं म्हणून.

गेल्या सप्त्याला पुन्हा गेलो. कॉम्प्रेसर नेला होता. तो कीर्तनकारांच्या माईकला लावला, दोनास एक, मोठ्या आवाजाला जेमतेम तीन डेसिबल आवळेल एवढा. रेकॉर्डिंगची वायर त्याच्या आधीच काढून घेतली, पातळी खाली ठेवली आणि लॅपटॉप झाकून टाकला. जागराला आबांच्या जागी आता मंडळातला एक तरुण गातो, माझ्याच वयाचा. आबांबरोबर दहा-बारा वर्षं टाळ धरलेला. चाल चढायला लागली तसं त्यानं अर्धं पाऊल मागं घेतलं, मान एका बाजूला केली.

मी मिक्सरपाशी उभा होतो. सवयीनं हात पुढं गेला होता. खाली पाहिलं तर मामांचं बोट आधीच फेडरवर होतं.